विश्लेषण : पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी समुद्री मासे का मरतात?

निळा प्रकाश, तळाला पांढरी वाळू आणि त्यात फिरणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश. घरातल्या समुद्री फिश टँकचे असे रील्स इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर सतत दिसतात. ते पाहून अनेकांना वाटतं, आपणही टाकी आणावी, बाजारात मिळणारं समुद्री मीठ पाण्यात मिसळावं, फिल्टर लावावा आणि मासे सोडावेत. टाकी लागते, व्हिडिओही निघतो. पण पहिल्या दिवसाचा व्हिडिओ सगळे टाकतात, दहाव्या दिवसाचा क्वचितच कुणी टाकतं. कारण तोवर अनेक टाक्यांमधले मासे मेलेले असतात. पाणी मात्र पहिल्या दिवसाइतकंच स्वच्छ दिसत असतं.

हा प्रकार इतका सर्रास घडतो की मासे पाळणाऱ्यांनी त्याला 'न्यू टँक सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलं आहे. त्यात माशाला रोग झालेला नसतो आणि बहुतेकदा दुकानदारानं फसवलेलंही नसतं. टाकीत एक गोष्ट तयार व्हायची राहिलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि दुकानात तयार विकत घेणंही सोपं नसतं. तिला जैविक गाळण किंवा बायोलॉजिकल फिल्ट्रेशन म्हणतात. ती गोष्ट नेमकी काय आहे आणि मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांसाठीही ती तितकीच महत्त्वाची का आहे, हे समजून घेऊ या.

विषय आत्ता चर्चेत का?

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं. मुंबईकरांच्या कितीतरी पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन ते ॲक्रिलिकच्या बोगद्यासह पुन्हा उघडलं. पण गेली काही वर्षं ते प्रेक्षकांसाठी बंद आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत मत्स्यालय उभारण्याची योजना मुंबई महापालिकेनं जाहीर केली आहे.

अशा प्रकल्पांची बातमी आली की चर्चा होते ती बोगदा किती लांब, टाकी किती मोठी, खर्च किती कोटी आणि तिकीट किती याची. माशांना जिवंत ठेवणारी यंत्रणा या चर्चेत सहसा येत नाही. एखादं मत्स्यालय टिकणार की काही महिन्यांत तिथल्या अर्ध्या टाक्या रिकाम्या दिसणार, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच यंत्रणेवर ठरतं.

मासे पाण्यात नेमकं काय सोडतात?

माशांच्या खाद्यात प्रथिनं भरपूर असतात आणि प्रथिनांमध्ये वजनाच्या सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. माणसाच्या शरीरात जास्तीचा नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे बाहेर पडतो. बहुतेक मासे तो अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांमधून पाण्यात सोडतात. न खाल्लेलं खाद्य, विष्ठा, मेलेली गोगलगाय, कुजणारं शेवाळ यांतूनही अमोनियाच तयार होतो.

एक साधा हिशेब पाहू. टाकीत 100 लिटर पाणी आहे आणि माशांना रोज 1 ग्रॅम खाद्य टाकलं जातं. खाद्यात 45 टक्के प्रथिनं आहेत असं धरलं तर त्यात सुमारे 72 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात उतरला तरी रोज 36 मिलिग्रॅम, म्हणजे दर लिटरमागे 0.36 मिलिग्रॅमची भर पडते. तीन दिवसांत हा आकडा 1 मिलिग्रॅमच्या वर जातो. समुद्री टाकीत तो कायम शून्याजवळ असावा लागतो. म्हणजे चिमूटभर खाद्यानंही तीन-चार दिवसांत पाणी धोक्याच्या पातळीला जातं. अमोनियाला रंग नसतो आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही. त्यामुळे टेस्ट किट नसेल तर काहीच कळत नाही.

खुल्या समुद्रात हाच मासा हाच अमोनिया सोडतो, पण तिथे त्याच्याभोवती अफाट पाणी असतं. लाटा आणि प्रवाह अमोनिया पातळ करतात, सूक्ष्म वनस्पती तो लगेच शोषून घेतात. काचेच्या टाकीत त्याला जायला जागाच नसते.

खाऱ्या पाण्यात धोका जास्त का?

गोड्या पाण्यात गप्पी किंवा गोल्डफिश पाळून झालेले अनेक जण इथे फसतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो तुलनेनं निरुपद्रवी आहे. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांमधून सहज शरीरात शिरतो आणि मज्जासंस्थेवर आघात करतो. कोणत्या रूपाचं प्रमाण किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर म्हणजे पीएचवर ठरतं. पीएच एका अंकानं वाढला की मुक्त अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो.

गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच अनेकदा 7 च्या आसपास असतो. समुद्राच्या पाण्याचा साधारण 8.1 ते 8.3 असतो. त्यामुळे किटवर अमोनियाचा आकडा सारखाच दिसला तरी समुद्री टाकीत त्यातला विषारी भाग कितीतरी जास्त असतो.

दुसरी अडचण प्राणवायूची. एकाच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे 20 टक्के कमी प्राणवायू विरघळतो. पाणी गरम झालं की तो आणखी कमी होतो. मे महिन्यात बंद खोलीतल्या टाकीचं पाणी 30 अंशांच्या वर गेलं तर माशांचा श्वासोच्छ्वास वाढतो, पण श्वासासाठी मिळणारा प्राणवायू घटतो.

एका बाबतीत मात्र खाऱ्या पाण्याचा फायदा आहे. अमोनियापासून पुढे नायट्राइट तयार होतं. गोड्या पाण्यात ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड मुबलक असतं. ते कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतं. म्हणून समुद्री टाकीत खरा शत्रू अमोनिया ठरतो.

मग जैविक गाळण म्हणजे काय?

फिल्टर म्हटलं की स्पंज आणि त्यात अडकलेला कचरा आठवतो. ती झाली यांत्रिक गाळण. अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे तो कोणत्याही जाळीत अडकत नाही. त्याचं रूपांतरच करावं लागतं आणि हे काम सूक्ष्मजीव करतात.

हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसऱ्या टप्प्यात नायट्रोस्पिरासारखे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांसाठी त्या मानानं खूपच सौम्य असतं. या साखळीला नायट्रिफिकेशन म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. ते अन्नासाठी कुजणाऱ्या पदार्थांवर अवलंबून नसतात. अमोनिया किंवा नायट्राइटपासून ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवतात. या पद्धतीत ऊर्जा फार कमी मिळते, म्हणून ते अतिशय हळू वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होऊ शकतात. नायट्रिफिकेशन करणाऱ्या जिवाणूंना त्यासाठी अनेक तास, कधी एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. नव्या टाकीतल्या बहुतेक अपघातांचं मूळ या संथ वाढीत आहे.

हे जिवाणू पाण्यात मोकळे फिरण्याऐवजी पृष्ठभागाला चिकटून पातळ, बुळबुळीत थर करतात. म्हणून फिल्टरमध्ये सच्छिद्र सिरॅमिकच्या नळ्या, प्लॅस्टिकचे काटेरी गोळे, स्पंज किंवा भरड वाळू वापरतात. जितका पृष्ठभाग जास्त, तितकी जिवाणूंना जागा जास्त. त्यांना वाहतं पाणी आणि भरपूर प्राणवायूही लागतो. अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो. शिवाय या क्रियेत पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरण्याची ताकद, हळूहळू संपते. त्यामुळे जुन्या, दुर्लक्षित टाकीत पीएच घसरत जातो.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर बदललं, तेही मत्स्यालयांमुळे

फिश टँकवरच्या जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टर या जिवाणूला दिलेलं असे. 1990 च्या दशकात टाक्यांमधल्या सूक्ष्मजीवांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा नायट्रोबॅक्टर जवळपास सापडलाच नाही. हे काम प्रामुख्यानं नायट्रोस्पिरा करत असल्याचं दिसलं. त्या आधी विकल्या गेलेल्या अनेक 'जिवाणूंच्या बाटल्या' अपेक्षेइतक्या उपयोगी का पडत नव्हत्या, याचंही एक कारण त्यातून पुढे आलं.

त्यानंतरचा धक्का आणखी मोठा होता. 2005 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल ॲक्वेरियममधल्या एका समुद्री टाकीच्या खडीतून शास्त्रज्ञांनी नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा सूक्ष्मजीव वेगळा केला. तो जिवाणू नव्हता. आर्किया या अगदी वेगळ्या कुळातला होता, तरीही अमोनियाचं नायट्राइट करत होता. असे जीव महासागरांमध्ये प्रचंड संख्येनं आहेत आणि समुद्रातल्या नायट्रोजनचक्राचा मोठा भार उचलतात, हे पुढच्या संशोधनातून स्पष्ट झालं. म्हणजे महासागराविषयीचं एक महत्त्वाचं कोडं सुटायला मत्स्यालयातली मूठभर खडी कारणीभूत ठरली.

2015 मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नायट्रोस्पिराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकट्याच पार पाडू शकतात. विनोग्राड्स्कींच्या काळापासून शंभरहून अधिक वर्षं ही दोन वेगळ्या जिवाणूंची कामं मानली जात होती.

टाकी 'तयार' व्हायला किती दिवस लागतात?

समुद्री टाकीत ही वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. या प्रक्रियेला 'सायकलिंग' म्हणतात. पूर्वी एखादा काटक मासा टाकीत सोडून त्याच्या अमोनियावर जिवाणू वाढवायची पद्धत होती. त्यात तो मासा कित्येक दिवस विषारी पाण्यात राहायचा आणि अनेकदा मरायचा. आता मासा न सोडता टाकी तयार करण्याचा सल्ला दिला जातो. पाण्यात मोजून अमोनिया टाकायचा किंवा खाद्याचा छोटा तुकडा कुजू द्यायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी चाचणी घ्यायची.

चाचणीत एक ठरावीक क्रम दिसतो. आधी अमोनिया चढतो. तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं. तेही उतरलं की नायट्रेट दिसू लागतं. लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम अमोनिया टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येत असतील, तर टाकी मासे घ्यायला तयार आहे असं समजतात. तेव्हाही सगळे मासे एकदम सोडायचे नसतात. वसाहत मिळणाऱ्या अन्नाइतकीच मोठी असते. दोन माशांपुरते जिवाणू असलेल्या टाकीत एका दिवसात आठ मासे सोडले, तर अमोनिया पुन्हा चढतो.

जिवाणूंच्या बाटल्यांनी हा काळ कमी होऊ शकतो. मात्र त्यात योग्य जातीचे आणि जिवंत जीव असले पाहिजेत. बाटली उन्हात किंवा गरम गोदामात पडून राहिली असेल तर आतले जीव मेलेले असू शकतात. बाटली वापरली तरी चाचणी टाळता येत नाही. आधीच चालू असलेल्या निरोगी टाकीतला स्पंज किंवा खडक मिळाला तर काम सर्वांत लवकर होतं.

नायट्रेटचं काय करायचं?

नायट्रेट सौम्य असलं तरी ते साठत जातं. फक्त मासे असलेल्या टाकीत ते लिटरमागे काही दशक मिलिग्रॅमपर्यंत खपून जातं. प्रवाळ आणि समुद्रफुलं असलेल्या टाकीत ते त्याहून बरंच कमी ठेवावं लागतं, कारण उष्ण समुद्रातल्या प्रवाळ भित्तिकांभोवतीच्या पाण्यात नायट्रेट जवळपास नसतंच.

पाणी बदलणं हा सर्वांत सरळ उपाय आहे. पण त्याचं गणित पाहिलं पाहिजे. नायट्रेट 40 मिलिग्रॅम असताना चौथाई पाणी बदललं तर ते 30 वर येतं, शून्यावर नाही. आणि खाद्य चालू असल्यानं ते पुन्हा वाढतं.

दुसरा मार्ग निसर्गातलाच आहे. जिथे प्राणवायू पोहोचत नाही, अशा खडकाच्या आतल्या छिद्रांत किंवा वाळूच्या खोल थरात वेगळे जिवाणू राहतात. प्राणवायू नसल्यानं ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि शेवटी नायट्रोजन वायू तयार होतो. हा वायू बुडबुड्यांच्या रूपात किंवा विरघळून हवेत निघून जातो. याला डिनायट्रिफिकेशन म्हणतात. नायट्रोजनचं चक्र इथे पूर्ण होतं.

इंडोनेशियातल्या जकार्तामध्ये राहणारे ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत एका मत्स्यपालन मासिकात मांडली. समुद्रातले जिवंत खडक, वाळू आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावर ते टाकी चालवत. तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे 'लाइव्ह रॉक'ची हीच कल्पना प्रोटीन स्किमर या यंत्राच्या जोडीनं जगभर पसरली. स्किमर पाण्यात बारीक बुडबुड्यांचा फेस करतो. त्या फेसाला चिकटून प्रथिनं आणि इतर सेंद्रिय कचरा पाण्याबाहेर पडतो. म्हणजे अमोनिया तयार होण्याआधीच त्याचा कच्चा माल कमी होतो. असा फेस खाऱ्या पाण्यात नीट होतो, गोड्या पाण्यात नाही.

भारतात इथे कायद्याचा मुद्दा येतो. दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षण आहे. मालवण किंवा लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळाचा खडक उचलून टाकीत ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. त्याऐवजी सिरॅमिकचा किंवा सिमेंटपासून बनवलेला सच्छिद्र कृत्रिम खडक वापरता येतो. त्यावर जिवाणू बसायला वेळ लागतो, पण काही महिन्यांत तो तेच काम करू लागतो.

चालू टाकी अचानक का कोसळते?

कारणं बहुतेकदा तीच असतात. पहिलं, अति स्वच्छता. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. हा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून घ्यायचा असतो. टाकीची वाळू, खडक आणि फिल्टर एकाच दिवशी धुतले, तर टाकी जवळपास पहिल्या दिवसावर येते.

दुसरं, औषधं. माशांच्या रोगावरची काही प्रतिजैविकं टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. तांब्याची औषधं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांसाठी घातक असतात. म्हणून आजारी माशावर वेगळ्या टाकीत उपचार करतात.

तिसरं, वीज. पंप बंद पडला की फिल्टरमधला प्राणवायू संपतो. काही तासांत तिथले जिवाणू मरू लागतात आणि त्याच वेळी मासेही गुदमरतात. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या ऑडुबॉन ॲक्वेरियमची इमारत बऱ्यापैकी शाबूत राहिली होती. पण जनरेटर बंद पडला आणि तिथल्या सुमारे 10 हजार माशांपैकी बहुतेक मेले. उन्हाळ्यात तासन् तास वीज जाणाऱ्या गावात समुद्री टाकी ठेवणाऱ्यानं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्यायला हवा, शोभेचे दिवे नंतर.

मोठ्या मत्स्यालयांना हेच नियम लागतात का?

हो, फक्त आकडे मोठे होतात. अमेरिकेत अटलांटा शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तिथल्या जॉर्जिया ॲक्वेरियममध्ये नळाच्या पाण्यात क्षार मिसळून समुद्राचं पाणी तयार केलं जातं. तिथली सर्वांत मोठी टाकी सुमारे 2 कोटी 40 लाख लिटरची आहे. इतकं पाणी दर महिन्याला बदलणं परवडणार नाही. म्हणून अशा ठिकाणी तेच पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करावं लागतं. वाळूचे फिल्टर, मोठे स्किमर, ओझोन, जैविक गाळण आणि नायट्रेट काढणारी वेगळी यंत्रणा यांनी भरलेली जागा प्रेक्षकांना दिसत नाही, पण मत्स्यालय तिच्यावर चालतं.

समुद्रकिनाऱ्यावरच्या शहराला थेट समुद्राचं पाणी घेता येईल, असं वाटतं. पण मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी गढूळ आहे आणि त्यात सांडपाणी मिसळतं. पावसाळ्यात गोड्या पाण्याचे लोंढे आल्यानं त्याची क्षारताही खाली जाते. ते पाणी वापरायचं तर आधी साठवून, गाळून आणि निर्जंतुक करूनच घ्यावं लागतं.

म्हणून एखाद्या नव्या मत्स्यालयाची घोषणा झाली की बोगद्याच्या लांबीबरोबर आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. टाक्या भरल्यानंतर मासे सोडण्याआधी जैविक गाळण तयार व्हायला किती आठवडे राखून ठेवले आहेत? की उद्घाटनाची तारीख आधी ठरली आहे आणि मासे त्या तारखेला बांधले आहेत? नवे मासे वेगळे ठेवून तपासण्याची सोय आहे का? वीज गेली तर पंप किती तास चालतील? पाण्याची रोजची तपासणी कोण करणार आणि तिचे आकडे लोकांना दिसणार का? देखभालीच्या निविदेत प्रशिक्षित माणसांचे पगार धरले आहेत, की केवळ साफसफाईचं कंत्राट आहे? इमारत एकदा बांधून होते. जिवाणूंची वसाहत मात्र रोज सांभाळावी लागते आणि त्यासाठी दरवर्षी पैसे लागतात.

फिश टँक नसलेल्यांचा याच्याशी काय संबंध?

पालघर आणि रायगड जिल्ह्यांत खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यात कोळंबी शेती होते. तिथल्या तळ्यातही खाद्य पडतं, अमोनिया तयार होतो आणि तो हाताबाहेर गेला की कोळंबी मरते. फरक इतकाच की इथे शेतकऱ्याचं हंगामाचं उत्पन्न बुडतं. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बायोफ्लॉक आणि पाणी फिरवून वापरणाऱ्या 'आरएएस' पद्धतीला अनुदान मिळतं. आरएएसमध्ये जैविक फिल्टर हाच कणा असतो. बायोफ्लॉकमध्ये मळी किंवा गुळासारखा कर्बयुक्त पदार्थ घालून वेगळे, जलद वाढणारे जिवाणू वाढवतात. ते अमोनिया वापरून स्वतःची वाढ करतात आणि त्यांचे पुंजके मासे खातात. यूट्यूबवरचे 'कमी जागेत लाखोंची कमाई' छापाचे व्हिडिओ पाहून या धंद्यात उतरणाऱ्यांना हे चक्र समजलं नसेल, तर तोटा ठरलेला असतो.

हेच चक्र अरबी समुद्रातही चालू आहे. साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर तिथे प्राणवायू अत्यंत कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी हा एक. टाकीतल्या खडकाच्या आत जे डिनायट्रिफिकेशन होतं, तेच तिथे अवाढव्य प्रमाणावर होतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही पावसाळ्याच्या अखेरीस प्राणवायू संपतो आणि तिथून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, असं त्यांना आढळलं. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरून ठेवतो. शेतातून वाहून येणारी खतं आणि शहरांचं सांडपाणी किनाऱ्याजवळच्या समुद्रात नायट्रोजन वाढवतात. टाकीत जास्त खाद्य टाकल्यावर जे होतं, त्याचंच हे मोठं रूप आहे.

मेलेल्या माशाची जागा कोण भरतं?

टाकीत मासा मेला की दुकानातून दुसरा येतो. पण दुकानात तो कुठून येतो, हा प्रश्न समुद्री माशांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे शेतीत वाढवलेले असतात. समुद्री माशांच्या कितीतरी जाती अजूनही प्रवाळ भित्तिकांवरून पकडल्या जातात. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये त्यासाठी सायनाइडचा वापर झाल्याचा इतिहास आहे. त्यानं मासा गुंगतो आणि आसपासचं प्रवाळ मरतं.

परिस्थिती थोडी बदलते आहे. क्लाउनफिशची पैदास आता हॅचरीत सहज होते आणि भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र विकसित केलं आहे. 'फाइंडिंग डोरी'मुळे प्रसिद्ध झालेल्या ब्लू टँग या निळ्या माशाची बंदिस्त पैदास मात्र पहिल्यांदा 2016 मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत साधली. तोवर विकला गेलेला प्रत्येक ब्लू टँग समुद्रातून पकडलेला होता. हा मासा जवळपास एक फूट वाढतो, म्हणजे छोट्या टाकीत तो मुळात बसतच नाही.

म्हणून घाईनं भरलेल्या टाकीत मेलेला मासा हे केवळ मालकाचं काही हजारांचं नुकसान नसतं. त्याची जागा भरण्यासाठी कुठल्या तरी भित्तिकेवरून आणखी एक मासा उचलला जाण्याची शक्यता असते. सार्वजनिक मत्स्यालयात तर हा खर्च करदात्याच्या पैशातून होतो.

हे टाळण्यासाठी लागणारी साधनं फार महाग नाहीत. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटचं टेस्ट किट, क्षारता मोजायचं साधन, जिवाणूंना बसायला पुरेशी जागा आणि रिकामी टाकी पाहत महिना-दीड महिना थांबण्याची तयारी. घरातल्या टाकीसाठी हा नियम जितका खरा आहे, तितकाच तो मुंबईत उद्या उभ्या राहणाऱ्या मत्स्यालयासाठीही खरा आहे.